दाबाचे पाणी

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचा बंब ठाऊक आहे. मागे त्याच्यावर एक पान खर्ची घातले, तेव्हा काही भगिनींनी 'आमच्याही माळ्यावर एक पडून आहे' असे अगत्याने कळवले होते. आज त्या बंबाच्या एका दूरच्या नातेवाइकाची ओळख करून द्यायची आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तो आमच्याकडे राहायला आला, आणि अजून गेलेला नाही.

त्याचे नाव पोर्टेबल हॉट वॉटर प्रेशर वॉशर. मराठीचा मास्तर असल्यामुळे मी लगेच 'सुवाह्य उष्णोदक-दाब-प्रक्षालक' असा प्रतिशब्द तयार केला. सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी त्याला टेम्पोतून उतरवा, मग बारसं करा." उतरवायला चार माणसे लागली. यंत्राला दोन चाके आणि एक दांडा आहे, तेवढ्यावर कारखानदाराने त्याला सुवाह्य ठरवले आहे.

हे लोढणे आम्ही गळ्यात का बांधून घेतले, ते सांगितले पाहिजे. साताऱ्याच्या पावसात आमच्या अंगणातली शहाबादी फरशी हिरवीगार होते. गेल्या श्रावणात फुले काढताना आईचा पाय तिच्यावरून घसरला. तिला अठ्ठ्याहत्तरावे चालू होते. वृंदावनाचा कठडा हाताला लागला म्हणून निभावले. ती हसत उठली, पण मला त्या रात्री झोप आली नाही. मावशींनी काथ्याने फरशी घासून दिली. आठ दिवसांत शेवाळ परत हजर. मग मी ब्लीचिंग पावडर टाकली. शेवाळ गेले, आणि त्याच्या मागोमाग तुळसही निघाली.

कराडला आमच्या मेव्हण्यांचे मोटारींचे गॅरेज आहे. त्यांनी फोनवरच निदान केले. "दाजी, गार पाण्यानं ते वरवर जातं. त्याला गरम पाण्यानं भाजायला पाहिजे." त्यांनी नवे यंत्र घेतले होते आणि जुने कोपऱ्यात उभे होते. बहिणीचे घर म्हणून त्यांनी त्याची जी किंमत लावली, तिचा उच्चार आमच्या घरात होत नाही.

आता या पाहुण्याची कुळकथा. बंबात मधोमध विस्तवाची नळी असते आणि तिच्याभोवती पाणी. इथेही मधोमध डिझेलची ज्योत आणि तिच्याभोवती पोलादी नळीची वेटोळी. बंबात पाणी बसल्या बसल्या तापते, इथे ते धावता धावता तापते, आणि ८० अंशांपर्यंत जाते. धुरासाठी डोक्यावर तोंड आहे, तेही बंबासारखेच. विजेचा उपयोग मुख्यतः पंप फिरवायला. युरोपातले असे पहिले यंत्र आल्फ्रेड केर्शर नावाच्या जर्मन गृहस्थांनी १९५० साली केले म्हणतात. त्यांच्या घरी बंब असता तर हे काम आणखी लवकर झाले असते, असे आईचे मत. बोअरच्या पाण्याने बंबाच्या पोटात जशा क्षाराच्या खपल्या धरतात, तशा या वेटोळ्यांतही धरतात. म्हणून याला नगरपालिकेचे पाणी द्यावे लागते. आम्ही स्वतः बोअरचे वापरतो.

दाबाचे गणित मला मुलाने समजावले. टाकी १० मीटर उंच असेल तर खालच्या नळाला एक बार दाब मिळतो. आमची टाकी गच्चीवर, म्हणजे अर्धा बारसुद्धा नाही. यंत्र १०० बार देते. तेवढा दाब नुसत्या टाकीने आणायचा तर ती एक किलोमीटर उंच बांधावी लागेल, म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या माथ्याहून कितीतरी वर. एवढे पाणी आपल्या हातातल्या बंदुकीतून सुटणार, हे कळल्यावर माझा हात जरा कापला.

मेव्हण्यांनी चार तोट्या दिल्या. पांढरीतून ४० अंशांचा पंखा फुटतो, हिरवीतून २५ चा, पिवळीतून १५ चा. लाल तोटीतून मात्र पंखा नाही. सरळ सुईसारखी धार. "हिला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "ही धार कातडीतून आत शिरते. वर टोचल्याएवढं दिसतं, पण तसंच दवाखाना गाठावा लागतो." मी लाल तोटी रुमालात बांधून फडताळात ठेवली. टाकून दिली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

पहिल्या रविवारी गमबूट घालून, डोळ्यांना चष्म्यावर आणखी एक चष्मा लावून मी अंगणात उभा राहिलो. फाटकाबाहेर माझ्याच वर्गातली दोन मुले सायकली थांबवून उभी होती. यंत्र खोकले, डिझेलचा धूर निघाला, आणि मी घोडा दाबला. बंदूक मागे रेटते, हे कुणी सांगितले नव्हते. दोन पावले मागे जाऊन मी सावरलो आणि फरशीवर हिरवी तोटी फिरवली. जिथे पाणी लागले तिथे शेवाळाखालून फरशीचा निळसर करडा रंग वर आला, आईने प्रथम या घरात सडा घातला तेव्हाचा. तासाभरात अर्धे अंगण उजळले. स्वयंपाकघरातल्या पंख्याची जाळी आणली, तर तिच्यावरचे वर्षाचे तेल तुपासारखे वितळून गेले. गार पाणी तेलाला नुसते ढकलते, गरम पाणी त्याला पातळ करते. मेव्हण्यांचे म्हणणे खरे होते.

मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "सर, म्हंजे आता अंगण ह्योच धुणार?" दिवाळीच्या साफसफाईचे त्यांना वेगळे पैसे मिळतात. मी म्हणालो, "तुमचे पैसे तेवढेच." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, भांड्यांकडे गेल्या.

असे यंत्र घरात आले की माणसाला मळ दिसू लागतो. लाल शाईचे पेन हातात घेतले की मला चांगल्या मुलाच्या निबंधातही ऱ्हस्वदीर्घच दिसतात, त्यातलाच प्रकार. मी कंपाउंडची भिंत धुतली. शेजाऱ्यांची बाजूसुद्धा, त्यांना न विचारता. स्कूटर, रॉकेलचा रिकामा डबा, मुलाची क्रिकेटची बॅट! चौथ्या दिवशी धुण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा पुढच्या दाराची पायरी दिसली.

त्या पायरीवर वर्षानुवर्षांचा गेरू होता. दर दिवाळीला एक हात. पाणी लागताच तो लाल ओघळांनी वाहू लागला, आणि खालच्या सिमेंटमध्ये 'श्री' उमटला. मी यंत्र बंद केले. 'श्री'च्या खाली थापीच्या टोकाने कोरलेले होते: 'वैशाख शु. ३, शके १९०६'. वडिलांचे अक्षर. बाजूला एक लहान उजवा पाऊल. शके १९०६ म्हणजे १९८४. तेव्हा मी चार वर्षांचा होतो.

मी हाका मारून सगळ्यांना बोलावले. आईसाठी खुर्ची आणली. ती म्हणाली, "अरे, तू रडत होतास. ओलं सिमेंट गार लागलं म्हणून." वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. त्यांचे हस्ताक्षर घरात आता फक्त दोन वह्यांत आहे. मला वाटले, अक्षरांच्या खाचांत गेरू बसला आहे, तो निघाला की तिला खुर्चीवरून वाचता येईल. पिवळ्या तोटीने तो हलेना. मी फडताळातून रुमाल काढला.

चार बोटांवरून मी ती धार धरली. जेमतेम दोन सेकंद. सिमेंटची वरची साय उडाली. 'वैशाख' गेला, 'शके' गेले, आकडे गेले. तिथे वाळू आणि खडीचे पांढरे दाणे दिसू लागले. 'श्री' राहिला, आणि पाऊल राहिला. यंत्र बंद केल्यावर फार शांत वाटले. सौभाग्यवती आत निघून गेल्या. मुलगा माझ्याकडे बघायचे टाळत होता.

आई वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांचं अक्षर तसंही मला कधी लागायचं नाही. पत्रं मी वन्संकडून वाचून घ्यायची." तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. रात्री पाणी प्यायला उठलो, तेव्हा पुढचे दार उघडे होते आणि ती उंबऱ्यात बसून खडबडीत झालेल्या जागेवरून बोट फिरवत होती. मी तसाच मागे फिरलो.

लाल तोटी मेव्हण्यांना परत पाठवली. यंत्र ठेवले आहे, कारण शेवाळ दर वर्षी येते आणि आई दर वर्षी एका वर्षाने मोठी होते. या वर्षीही परवा अंगण धुतले. पायरीभोवती चार हात जागा मात्र मी सोडून देतो. तिथे मावशी काथ्या आणि कोमट पाणी घेऊन बसतात. आई उंबऱ्यात खुर्ची टाकून बसते, आणि मावशींचा हात जरा जोरात फिरला की वरून म्हणते, "हळू गं, तिथं बोटं आहेत."