बोले, बोलेल

हिंगोलीजवळ कयाधूकाठी नर्सी आहे, संत नामदेवांचे गाव. तिथल्या भजनात ‘बोले’ हे क्रियापद कानावर आले की मी थबकतो. जुन्या अभंगांत ‘बोले’ म्हणजे ‘बोलतो’, साधा वर्तमानकाळ. आज आपल्यासाठी तोच रीतिभूतकाळ झाला आहे: तो रोज बोले, म्हणजे बोलायचा. त्याच ‘बोले’ला ‘ल’ जोडला की ‘बोलेल’, भविष्यकाळ! स्पॅनिशमधले बोलणे, ‘आब्लार’, शेजारी ठेवून पाहा. आब्लो म्हणजे मी बोलतो, आब्ले बोललो, आब्लाबा बोलायचो, आब्लारे बोलेन. यातला ‘आब्लारे’ही असाच जोडून झाला आहे: मूळ क्रियापद आणि पुढे ‘मला आहे’ सांगणारा ‘ए’; म्हणजे ‘मला बोलणे आहे’. दोन्ही भाषांनी भविष्यकाळ जुन्या सामानातूनच घडवला, याचे मला फार अप्रूप वाटते. फरकही मोलाचा: आपली बाई ‘मी बोलते’ म्हणते आणि पुरुष ‘मी बोलतो’, तिथे दोघेही ‘आब्लो’. शाळेत काळ शिकवताना नुसते तक्ते पाठ करून घेऊ नका. मोरो केशव दामल्यांचे १९११चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ उघडा, आणि मुलांना एकदा नर्सीच्या भजनाला बसवा.