कोडे, अद्भुतकथा आणि कुलूपबंद कपाट

सोलापूर शहराच्या पूर्व भागात मागाचा खडखडाट ऐकतच मुले लहानाची मोठी होतात. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी वा कन्नड आणि शाळेत मराठी, असा कित्येकांचा दिवस तीन भाषांतून सरतो. तेथील एखाद्या सहावीच्या वर्गात शिक्षकांनी कोडे घातले, अशी कल्पना करावी : ‘दिवसभर धावतो, पण चार हातांपलीकडे जात नाही, पोटातले सूत देत देत रिता होतो आणि दुसऱ्याची थंडी निवारतो, तो कोण?’ गुणपत्रिकेत जो अग्रभागी असतो त्याचाच हात प्रथम वर जाईल, याची शाश्वती नाही. ज्याचे वडील मागावर उभे राहतात तो, एरवी शेवटच्या बाकावर मौन धरून बसणारा मुलगा चटकन उत्तर देईल : धोटा.

ही घटना वाटते तितकी क्षुल्लक नाही. क्रमिक पुस्तकातील प्रश्नाचे उत्तर पुस्तकात असते. कोड्याचे उत्तर अनुभवात आणि निरीक्षणात असते. म्हणून कोडे घातले जाताच वर्गातील ज्ञानाची वाटणी क्षणभर बदलते. शिवाय हे धन प्रत्येक घरी आहे. मराठीत ते कोडे किंवा उखाणा, तेलुगूत पोडुपु कथ, कन्नडात ओगटु, उर्दूत पहेली. उखाण्याचा अर्थ आज नाव घेण्यापुरता आकसला असला, तरी मुळात तो कोड्याचाच शब्द आहे. आणि तेलुगू शब्दात तर कथाच सामावलेली आहे.

कोडे आणि अद्भुतकथा यांचे नाते पुरातन आहे. महाभारताच्या वनपर्वात यक्षाच्या प्रश्नांना उत्तरे दिल्यावरच धर्मराजाला आपले भाऊ परत मिळतात. वेताळाची प्रत्येक गोष्ट एका पेचापाशी येऊन थांबते आणि विक्रमाला मौन सोडावे लागते. मराठी मुद्रित गद्याचा उदय होत असताना, १८३० मध्ये, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली, ही गोष्ट लक्षणीय आहे. हाच वेताळ पुढे ‘चांदोबा’तून घरोघरी गेला. त्या मासिकाची तेलुगू आवृत्ती १९४७ मध्ये आणि मराठी आवृत्ती १९५२ मध्ये निघाली; त्यामुळे एकाच घरात आजोबांनी तेलुगूत आणि नातवाने मराठीत तीच गोष्ट वाचावी, असा योग सोलापुरात सहज संभवत होता. ‘चांदोबा’ आता बंद पडला आहे. इंग्लंडातही टॉल्किनच्या १९३७ मधील ‘हॉबिट’चा नायक काळोख्या विवरात आपला जीव वाचवतो तो तलवारीने नव्हे, तर कोड्यांच्या सामन्याने.

दहा ते तेरा वर्षांच्या वयात या दोहोंचे महत्त्व विशेष असते. या वयात मूल अक्षर वाचू लागलेले असते, परंतु वाचक झालेले नसते. आणि नेमक्या याच वेळी ‘अपेक्षित प्रश्नसंच’ आणि मार्गदर्शके त्याच्या हाती पडतात, ज्यांत प्रश्नाआधी उत्तर पाठ होते. उत्तर ठाऊक नसताना धीर न सोडता विचार करीत राहणे, ही शिक्षणाची पहिली पायरी होय. कोडे ती दोन मिनिटांत चढवते. अद्भुतकथा तीच दोनशे पृष्ठे लांबवते.

अद्भुताने अंधश्रद्धा वाढते, असा आक्षेप विचारी मंडळीही घेतात. तो प्रामाणिक असला तरी ग्राह्य नाही. अंधश्रद्धा विश्वास मागते आणि प्रश्न निषिद्ध ठरवते. गोष्ट केवळ कल्पनेची सोबत मागते, आणि वेताळ तर प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही. ‘आटपाट नगर होते’ हे शब्द कानी पडताच हा खेळ आहे, हे मुलाला उमगते.

मग ही पुस्तके मुलांपर्यंत पोहोचावीत कशी? काही वस्तूंचा दर्जा उपभोग घेतल्यावाचून कळत नाही, असे अर्थशास्त्र सांगते. पुस्तक त्यांपैकीच एक. अशा व्यवहारात विश्वासातल्या माणसाच्या शब्दाला मोल येते. आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या विश्वासातला माणूस म्हणजे शेजारच्या बाकावरचा मित्र. वडीलधाऱ्यांनी दिलेली यादी त्याला गृहपाठ वाटते. ‘हे वाच, पण शेवट मला विचारू नकोस’ हे मित्राचे वाक्य मात्र त्याला ग्रंथालयापर्यंत ओढून नेते. कोडे वाटल्याने कमी होत नाही, आणि एक पुस्तक चाळीस जणांनी वाचले तर दर वाचनामागचा खर्च चहाच्या कपाहूनही खाली येतो.

परंतु त्यासाठी पुस्तक कपाटाबाहेर यावे लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे सांगितले आहे. तरी पुष्कळ ठिकाणी कपाटाला कुलूप असते. यात केवळ शिक्षकांना दोष देणे न्यायाचे होणार नाही. पुस्तक फाटले वा हरवले तर जबाब त्यांना द्यावा लागतो. न उघडलेल्या कपाटाबद्दल मात्र कोणीच जाब विचारीत नाही. कारखान्यातील यंत्राची झीज हिशेबात धरली जाते. मग मुलांच्या हाताळणीने होणारी पुस्तकाची झीज का धरू नये? वर्षाकाठी काही पुस्तके जीर्ण झाली म्हणून खर्ची टाकण्याची मोकळीक मुख्याध्यापकांना दिली, तर अर्धी कुलपे आपोआप उघडतील. कोरे राहिलेले पुस्तक हीच खरी हानी होय.

घरची भाषा शाळेच्या आड येत नाही, याचा दाखलाही जिल्ह्यातच आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी मुलांसाठी स्वतः कन्नड शिकून घेतली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. प्रत्येक शिक्षकाने तेवढे करावे, अशी अपेक्षा नाही. आठवड्यातून एक तास, फळ्यावर एक कोडे, घरून आणलेले कोणत्याही भाषेतले, आणि शेवटी एका मुलाने आपल्या आवडत्या पुस्तकाविषयी चार वाक्ये बोलावीत, एवढे पुरे. पुस्तकांचा तुटवडा नाही. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला जूल व्हर्न आहे, ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आहे. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक तर विनामूल्य वाचता येतात.

धोटा एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे गेला तरच कापड विणले जाते. पेटीत ठेवलेला धोटा आणि कपाटात ठेवलेले पुस्तक यांत फरक नाही. सोलापूरकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.