केस आले, पण उत्तर?



‘शेगावच्या केसगळतीचा उगाच बाऊ झाला, केस परत आलेच की’ हे वाचकपत्र वाचलं. बाऊ? शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड भागात डिसेंबर 2024 पासून नुसता हात फिरवला तरी केसांचे पुंजके हातात येत होते. बाधितांत कॉलेजच्या मुली बऱ्याच. काहींनी डोकं पूर्ण भादरून घेतलं, काहींची लग्नं लांबली. पुढे एप्रिलमध्ये काहींची नखंही गळाली, ते पत्रात नाही.

आधी पाण्यावर नि बुरशीवर संशय, मग संशोधक डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवलं. ‘गहू धुऊन खावा’ हा पत्रलेखकाचा सल्ला. बावस्करांच्याच तपासणीत न धुतलेल्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम होतं, धुतलेल्यात 13.61. धुऊन काय जातं ते दिसतंच आहे!

या मुलींनी सरकारी मदत मागावी तर राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 वयापुरता. एकविशीतल्या मुलीने कुठे जायचं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पथकाने रक्ताचे, केसांचे नमुने नेले. ज्यांचे नेले, त्या प्रत्येकीला तिचा अहवाल मराठीत, घरपोच मिळावा, आणि पुढची काही वर्षं तिची तपासणी गावातच व्हावी.

– एक वाचक, खामगाव