मोक्षपटावरचे नाव

आषाढी जवळ आली की एक संदेश हमखास फिरतो. सापशिडी ज्ञानेश्वर माउलींनी तेराव्या शतकात शोधली, इंग्रजांनी ती पळवली आणि रंगीत डब्यात घालून आपल्यालाच विकली. सोबत कथाही असते: थोरले माधुकरीला गेले की घरी राहिलेल्या धाकट्यांचा वेळ जावा म्हणून ज्ञानदेवांनी मोक्षपट आखला. कथा गोड आहे, मलाही आवडते. फक्त परंपरेने मानलेली जन्मसाले पाहिली तर ज्ञानदेव धाकट्या भावापेक्षा, सोपानदेवांपेक्षा दोनच वर्षांनी मोठे. तेव्हा रमवणारा कोण आणि रमणारा कोण, हाही प्रश्नच.

थट्टा सोडू. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 ची. तिच्यात किंवा अमृतानुभवात, चांगदेवपासष्टीत, हरिपाठात असा खेळ रचल्याचा उल्लेख नाही. कुणी म्हणेल, उल्लेख नाही म्हणजे घडलेच नाही असे थोडेच? बरोबर, मौनावरून काढलेला निष्कर्ष लंगडाच असतो. पण पुरावा देण्याचे ओझे दावा करणाऱ्यावर असते. आणि आज हाती असलेले, ज्यांचा काळ सांगता येतो असे पट अठराव्या शतकाच्या फारसे मागे जात नाहीत. मधली चार-साडेचारशे वर्षे निव्वळ श्रद्धेने भरायची म्हटल्यास तो इतिहास उरत नाही.

याउलट, हा मुळात इंग्रजी खेळ आणि आपण उगाच त्याला गंध-टिळा लावतो, असे म्हणणारी शहाणी मंडळीही भेटतात. त्यांनी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतला पट पाहावा. रिचर्ड जॉन्सन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने 1780 च्या सुमारास लखनौत असताना तो मिळवला होता. सापशिडी इंग्लंडच्या दुकानांत आली ती त्यानंतर शंभरेक वर्षांनी, 1890 च्या दशकात. खेळ इथला आहे, त्यासाठी ज्ञानदेवांची साक्ष काढायची गरजच नाही.

संदेशात आणखी एक वाक्य असते: मूळ पटावर साप जास्त आणि शिड्या कमी, कारण पुण्याची वाट अवघड, इंग्रजांनी दोन्ही सारखे करून अर्थ घालवला. काही पटांना हे लागू पडते. पण हरीश जोहारी यांनी ‘लीला’ नावाने प्रसिद्ध केलेला 72 घरांचा पट घ्या आणि बोट ठेवून मोजा. साप दहा, वर नेणारे बाणही दहाच. मी दोनदा मोजले.

मोजता मोजता मात्र मी त्या पटात अडकलो. पहिले घर जन्माचे, दुसरे मायेचे, तिसरे क्रोधाचे, चौथे लोभाचे. पोहोचायचे ते वैकुंठात, आणि वैकुंठ शेवटच्या घरात नाही. ते आहे 68 व्या घरात. म्हणजे ते ओलांडून पुढे जाता येते! पुढे गेलेला 72 व्या घरात, तमोगुणात शिरला की साप त्याला 51 वर, पृथ्वीवर आणून टाकतो. आपल्या बाजारू सापशिडीत शंभर गाठले की खेळ आटोपतो. इथे नेमके कुठे थांबायचे हेही दानावरच. विसावे घर दानाचे आहे, तिथे पडलेले दान वर चढवते. हा श्लेष मराठी माणसाला फुकटात मिळतो.

पण मला सर्वांत खिळवून ठेवले 54 आणि 55 या दोन शेजाऱ्यांनी. 54 वे घर भक्तीचे. तिथून बाण थेट वैकुंठात, मधले काहीही न चढता. त्याला भिंत लावून 55 वे घर अहंकाराचे, तिथला साप उतरवतो क्रोधाच्या घरात, तिसऱ्यावर. एका कवडीचा फरक. हे ज्याने आखले त्याने कीर्तने ऐकली असणार, आणि भक्तीची मिजास मिरवणारी माणसेही पाहिली असणार.

ज्ञानदेवांचे नाव या पटाला का चिकटले, ते इथे कळते. वारकऱ्याला ही घरे ओळखीची वाटतात. पण ती एकट्या वारकऱ्याची नाहीत. जैनांचे 84 घरांचे पट आहेत, पर्युषणात ते खेळले जात. सूफी मंडळींनीही आपल्या वाटेवरच्या मुक्कामांची नावे घालून पट केले. ज्याने त्याने आपले स्वर्ग-नरक त्याच चौकटीत बसवले. इतक्या हातांनी घडवलेल्या वस्तूवर एकच नाव कोरले की बाकीचे सगळे हात पुसले जातात, आणि माझे भांडण आहे ते याच्याशी.

परवा भाचीबरोबर तो पट मांडला. मी पन्नासाव्या घरात, चार कवड्या पडायला हव्या होत्या. हे सगळे तिला ऐटीत समजावून सांगत मी कवड्या टाकल्या. पाच पडल्या.