घरच्या कोंबड्यांसाठीं अळ्यांची पैदास

किडा म्हटला कीं तो मारावयाचा, ही शेतकऱ्याची उपजत बुद्धि. रेशमाचा किडा आणि मधमाशी हे दोनच काय ते अपवाद आम्ही आजवर मानीत आलों. आतां तिसऱ्याची शिफारस आमच्या दारापर्यंत येऊन पोंचली आहे. हा तिसरा किडा म्हणजे काळ्या सैनिक माशीची, इंग्रजींत जिला ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणतात तिची, अळी. ही अळी पाळा, कोंबड्यांना चारा आणि उरलेली विकून श्रीमंत व्हा, असा उपदेश सर्वत्र ऐकूं येतो. ह्या उपदेशाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. उत्तरार्धाविषयीं मात्र वाचकांस वेळींच सावध करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

जिवंत किडा पैदा करून तो जनावरास चारण्याची रीत परदेशांत रुळलेली आहे. अमेरिकेंत व युरोपांत हौसेनें सरडे पाळणारे लोक घरांतल्या पेटींत दक्षिण अमेरिकेंतील दुबिया जातीचीं झुरळें वाढवितात व ऑस्ट्रेलियांतील दाढीवाल्या सरड्यास तीं चारतात. हें झुरळ गुळगुळीत भिंतीवर चढूं शकत नाहीं, म्हणून पेटींतच राहतें. पण तो छंद आहे. शेतकऱ्यास त्याचें कांहीं कारण नाहीं. स्वयंपाकघरांतील झुरळें धरून कोंबड्यांपुढें टाकण्याचा मोह तर मुळींच होऊं देऊं नये. तीं रोग वाहतात, आणि त्यांवर कोणतें विषारी औषध मारलेलें असेल याचा नेम नसतो.

सैनिक माशीची गोष्ट निराळी आहे. ती मूळची अमेरिका खंडांतील, पण आतां बहुतेक सर्व उष्ण देशांत पसरलेली आहे. दिसावयास काळी व गांधीलमाशीसारखी. मात्र तिला नांगी नाहीं व ती चावत नाहीं. अळीपणीं सांठविलेल्या चरबीवर ती आठवडाभर जगते, त्यामुळें घरमाशीप्रमाणें ती आपल्या अन्नावर येऊन बसत नाहीं. मादी कुजणाऱ्या पदार्थाजवळच्या कोरड्या फटींत सुमारें ५०० अंडीं घालते. चार दिवसांत तीं फुटतात, आणि पुढें दोन-तीन आठवडे अळी अखंड खात राहते. पूर्ण वाढ झाली म्हणजे ती काळसर होते, खाणें सोडते आणि ओल सोडून कोरड्या जागेच्या शोधांत चढूं लागते. तिच्या ह्या संवयीवरच पाळणाऱ्याची सारी सोय अवलंबून आहे. पेटीची एक बाजू उतरती ठेवून तिच्या टोंकाशीं डबा लावला, तर अळ्या आपल्या पायांनीं, म्हणजे पायांवांचूनच, डब्यांत येऊन पडतात.

पायांचा उल्लेख आम्ही उगाच केलेला नाहीं. शेणखताच्या खड्ड्यांत सांपडणारी प्रत्येक जाड अळी ही नव्हे. हुमणी पांढरी, कोयरीसारखी वांकलेली व सहा पायांची असते. सैनिक माशीची अळी चपटी, बिनपायांची व चिवट कातड्याची असते. हुमणी सांपडल्यास ती कोंबड्यांना अवश्य घालावी, पण खड्ड्यांत ठेवून वाढवूं नये. तीच पुढें ऊंस व भुईमुगाच्या मुळांवर जाते.

पैदाशीस फारसें भांडवल लागत नाहीं. तळाला भोंकें पाडलेली प्लास्टिकची किंवा लांकडी पेटी सावलींत ठेवावी. तींत भाजीपाल्याचा टाकाऊ भाग, नासकीं फळें, कोंडा यांचें मिश्रण घालावें. तें पिळलें असतां थेंब-दोन थेंब पडावेत, धार लागूं नये. पाणी सांचलें कीं घाण सुटते व शेजारी भांडावयास येतो. वर पन्हाळी पुठ्ठ्याचे तुकडे टांगावेत, म्हणजे माशी त्यांच्या फटींत अंडीं घालते. मुंग्या ह्या तिच्या मोठ्या वैरी. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यावांचून चालत नाहीं. पावसाळ्यांत बहुतेक गांवीं माशी आपण होऊन येते, म्हणून अंडीं विकत घेण्यापूर्वीं महिनाभर वाट पाहावी. एका घरीं जम बसला कीं शेजाऱ्यांनीं विरजण न्यावें तशा अळ्या न्याव्यात; त्याचे पैसे मागूं नयेत.

आतां हिशेब पाहूं. वाळलेल्या अळींत शेंकडा ४० च्या आसपास प्रथिनें व ३० च्या आसपास चरबी असते, आणि हाच आंकडा पेंडीशेजारीं मांडून दाखविला जातो. पण ताज्या अळीचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग पाणी असतें. म्हणजे एक किलो ताज्या अळ्यांत सुमारें १४० ग्रॅम प्रथिनें. तेवढीं भुईमुगाच्या ३०० ग्रॅम पेंडींत मिळतात. चांगलें साधलें तर १०० किलो ओल्या कचऱ्यापासून १५ ते २० किलो अळ्या निघतात. रोज दहा किलो कचरा मिळणाऱ्या घरास दीड किलो अळ्या मिळाल्या असें धरा. पेंडीची बचत साडेचारशें ग्रॅम. पेंड ५० रुपये किलो धरली तर दिवसास साडेबावीस रुपये, महिन्यास पावणेसातशें. पन्नास-साठ गावरान कोंबड्यांच्या घरास ही रक्कम लहान नाहीं, शिवाय पेटींत उरलेला चोथा खतास जातो. परंतु पेट्या, जाळ्या व 'प्रशिक्षण' यांपायीं पन्नास हजार मोजणाऱ्यास मुद्दल फिटण्यास सहा वर्षें लागतील, हेंही त्याच हिशेबावरून दिसतें.

आणि माल आम्हीच परत घेऊं, हें आश्वासन आमच्या शेतकऱ्यानें ऐकलेलें नाहीं असें नाहीं. २०१२ च्या सुमारास ईमू पक्ष्यांत आणि २०१९ सालीं सांगलीकडे कडकनाथ कोंबड्यांत असेंच आश्वासन होतें. पक्षी खोटा नव्हता. खोटी होती ती खरेदी. अळीचेंही तेंच होऊं शकतें. म्हणून आमचें स्पष्ट मत आहे कीं, जिच्या घरीं खाणारी कोंबडी नाहीं त्या पेटीस हातच लावूं नये.

अळीला काय चारावें याविषयींही दक्षता हवी. युरोपीय संघानें २०१७ सालीं माशांच्या व २०२१ सालीं कोंबड्या-डुकरांच्या खाद्यांत कीटकांचें प्रथिन मान्य केलें, पण त्या कीटकांना शेण किंवा हॉटेलांतील उष्टें चारण्यास मनाई कायम ठेवली. तिकडच्या कायद्याचें बंधन आपणांस नसलें तरी त्यामागचें कारण आपणांसही लागू आहे. कॅडमियमसारखा विषारी धातु अळीच्या अंगांत सांचतो आणि तिच्यावाटे कोंबडींत उतरतो. शहरांतून येणारा मिश्र कचरा, औषध फवारलेल्या पिकाचा पाला आणि आजारी कोंबड्यांची विष्ठा ह्या तीन वस्तु पेटींत जातां कामा नयेत. अळ्या रोज कोंबडीमागें २०-२५ ग्रॅमपर्यंत द्याव्यात. दाणा व शिंपल्यांचा चुरा चालू ठेवावा. थंडींत ऊन कमी पडलें कीं माशीचा संयोग मंदावतो व अंडीं घटतात, तेव्हां पौष-माघांत पेंडीवरच भिस्त ठेवणें भाग आहे.