कुंडलिकेचे पाणी आणि साहसाचा बाजार

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीच्या उसळत्या पाण्यात रबरी राफ्ट सोडून सुमारे बारा किलोमीटर वाहत जाण्याचा खेळ मुंबई-पुण्याच्या सुस्थित वर्गात चांगलाच रुजला आहे. बेभान निसर्गाशी झुंज घ्या, असे त्याच्या जाहिराती बजावतात. वस्तुतः ही झुंज निसर्गाशी नाहीच.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील कितीतरी नद्या शिमगा सरताच खडकांची रांग होऊन पडतात. कुंडलिका मात्र ऐन वैशाखातही खळाळते, याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मुळशीच्या धरणाने अडवलेले मुळा नदीचे पाणी, जे एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेले असते, ते डोंगर फोडून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रावर आणले जाते. टर्बाइन फिरवून झाल्यावर ते खालच्या बंधाऱ्यातून सकाळी नदीत सुटते. सुटले की राफ्ट निघतात. न सुटल्यास बेभान निसर्ग त्या दिवसापुरता रजेवर!

आणि हे पाणी साठले आहे कोणाच्या भाताच्या खाचरांवर? १९२१ च्या रामनवमीला मुळशी पेट्याच्या मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पां. म. बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या दिमतीला दिला. जमिनी सावकारांकडे अडकलेल्या, त्यामुळे मोबदल्याचा मोठा वाटाही सावकारांच्याच पदरी गेला. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, मावळ्याला विस्थापन. त्याच पाण्यावर आज तिकीट लावून दुसऱ्यांदा नफा काढला जात आहे, आणि तिकिटाच्या पाठीवर मुळशीचे नाव नाही.

आमच्यातील काही ज्येष्ठ साथी या खेळालाच श्रीमंतांचे चोचले म्हणून मोडीत काढतात. हे आम्हांला मान्य नाही. पाण्याशी दोन हात करण्यातला आनंद कामगाराच्या मुलालाही हवा. त्याच्या बापाच्या पगारात तो बसत नाही, ही खरी तक्रार आहे. शिवाय राफ्टच्या मागच्या टोकाला वल्हे धरून बसलेल्या तरुणाकडे पाहा. पर्यटक एकदा येतो, फोटो काढतो, जातो. हा मात्र हंगामभर त्याच खडकांमधून दहा-दहा जिवांची जबाबदारी वाहतो. साहस हा शब्द कोणाला लावायचा? राफ्टिंग बंद राहते तेव्हा याची चूल कशावर पेटते, याच्या नावे विमा आहे काय, हे कोणत्या पावतीवर लिहिलेले असते?

२०२१ साली राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण आणले. नोंदणी आणि सुरक्षिततेची सक्ती हवीच. परंतु नदीकाठच्या गावाचा नदीवरील हक्क नोंदणीच्या दाखल्याने सिद्ध होत नाही. वल्हेकऱ्यांच्या सहकारी संस्थेला परवान्यात अग्रक्रम, बारमाही वेतन व विमा, आणि प्रत्येक तिकिटातील ठरलेला हिस्सा काठच्या ग्रामपंचायतींना व मुळशीच्या धरणग्रस्तांच्या वारसांना, एवढी मागणी घेऊन रोहे व मुळशी या दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी एकत्र बसावे. सुरुवात वल्हेकऱ्यांपासूनच करावी. पाणी सकाळी सुटते. त्याआधी काठावर पोहोचावे लागेल.