दवाखान्याचा खाडा, मजुरीचा खाडा

खाडा म्हणजे काय हे आपल्या बालाघाटाच्या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्यातले एक माणूस एक दिवस जरी खोपीवर पडून राहिले, तर मुकादम वहीत खाडा मांडतो आणि हिशेबाच्या वेळी तो वसूल करतो. कॅन्सरच्या उपचारातही असाच खाडा असतो. तो मात्र पुढच्या हंगामात फेडून टाकता येत नाही.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला किरणोपचार द्यायचे ठरले, म्हणजे गावाकडे ज्याला आपण ‘शेक’ म्हणतो, तर तो साधारणपणे ३० ते ३५ वेळा घ्यावा लागतो. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरून २५ च्या आसपास आणि वर आतून आणखी काही. एकेक शेक काही मिनिटांत उरकतो. पण मध्ये खंड पडला की गाठीतल्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि आधीच्या शेकांचे बळही वाया जाते. जरा बरे वाटले म्हणून किंवा काढणी अंगावर आली म्हणून दोन आठवडे घरी बसलेला पेशंट परत येतो, तेव्हा मशीन तेच असते, डॉक्टर तेच असतात, आजार मात्र पुढे सरकलेला असतो.

हे खाडे का पडतात? ‘अडाणी लोक, त्यांना महत्त्व कळत नाही’ असे शहरातून उत्तर येते. ते अर्धेही खरे नाही. १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने बार्शी, भूम आणि परांडा या तीन तालुक्यांत कॅन्सरची नोंदवही सुरू केली. ग्रामीण भागातली ती देशातली पहिलीच. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे सांगितली. काही वर्षांतच गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. सांगितले तर आमच्या माणसांना कळते. अडते ते पुढे.

आणि अडते ते आता मुख्यतः ऑपरेशनच्या बिलावर नाही. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. २०२३ मध्ये सरकारने तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाख करण्याचा आणि सर्व रेशनकार्डधारकांना तीत घेण्याचा निर्णय केला. कॅन्सरचे ऑपरेशन, केमो, शेक हे सगळे तीत बसते. हे काम मोठे झाले, ते मान्य केलेच पाहिजे. कॅन्सर म्हणजे दोन एकर गेले, असा जो पूर्वीचा सरळ हिशेब होता, तो पुष्कळ ठिकाणी बदलला आहे. (निदान होईपर्यंतच्या तपासण्या बहुधा खिशातूनच होतात, हे वेगळे.)

पण योजनेत माणूस एकच धरला आहे, पेशंट. त्याला जेवण आणि रुग्णालयातून घरी जायचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे, असे तिचे स्वरूप आहे. सोबत आलेल्या माणसाचे काय? समजा, भूमकडच्या एका खेड्यातल्या बाईला ३३ शेक घ्यायचे आहेत. ती एकटी येऊ शकत नाही, कारण तिसऱ्या आठवड्यापासून तिला धड चालवत नाही. मग नवरा येणार, नाहीतर पोरगा. रोज तीनशे रुपये मजुरी धरली तरी ३३ दिवसांचे ९,९०० रुपये सोबत्याचे बुडाले. बाईचेही तेवढेच. रोज जाऊन-येऊन करायचे तर एसटीचे भाडे, नाही तर खोलीचे भाडे. दोन वेळचा डबा, चहा. घरी म्हैस असेल तर ती पिळायला कोण, हा प्रश्न वेगळाच. आणि हाच काळ ऊसतोडीचा असेल तर कोयताच मोडला. उचल घेतलेली आहे, मुकादम दारात उभा. अशा घरात चौथ्या आठवड्यात बाई स्वतःच म्हणते, ‘आता मला बरं वाटतंय, राहू द्या.’ तिला बरे वाटत नसते, हे आपण सगळे जाणतो.

बाईच्या आजारात तर ही अडचण दुपटीने. पुरुष आजारी पडला की बायको सोबत असतेच, त्यावर घरात चर्चासुद्धा होत नाही. बाई आजारी पडली की ‘कोण जाणार’ यावर बैठक बसते आणि बऱ्याचदा ते माहेरावर ढकलले जाते.

सवलती आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत आणि सांगायला कोणी नाही. कॅन्सरचा पेशंट उपचाराला रेल्वेने जात असेल तर त्याला स्लीपरमध्ये पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. डॉक्टरचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही कॅन्सरच्या पेशंटला सवलत आहे, आणि २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धे तिकीट आहे. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचा पेशंट बसतो, दरमहा १,५०० रुपये मिळतात. मात्र तिथे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला मागतात. महिन्याला १,७५० रुपयांत चालणारे घर तलाठ्याने तरी पाहिले आहे काय? क्षयाच्या पेशंटला २०१८ पासून पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ते योग्यच आहे. मग सहा आठवडे तोंड भाजून निघालेल्या, दूध-अंड्याशिवाय वजन न टिकणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला तसे का नसावे?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली, त्यातली २०० त्याच वर्षी. सकाळी जाऊन केमो घ्यायचा, संध्याकाळी घरी. ही केंद्रे खरोखर चालली तर केमोसाठीची मुंबई-पुण्याची फेरी वाचेल. पण शेकाची मशीन तिथे नसणार. ३३ दिवसांचा प्रश्न तसाच राहतो. आणि केमो घेऊन संध्याकाळी घरी आलेल्या पेशंटची जबाबदारी आता नर्सवरून घरच्यांवर येते, हेही ध्यानात घ्या.

म्हणून घरच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. केमोनंतर आठ-पंधरा दिवसांत अंगातली पांढऱ्या पेशींची ताकद तळाला जाते. त्या दिवसांत १०० च्या वर ताप चढला, थंडी वाजली, तर गावातल्या डॉक्टरची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीच दवाखाना गाठावा. घरात थर्मामीटर हवा आणि मध्यरात्री उठवता येईल असा एखादा गाडीवाला. एवढ्यावर माणूस वाचतो किंवा जातो. आणखी एक, ताट-तांब्या वेगळा ठेवू नका. कॅन्सर शिवल्याने होत नाही. पोरांना आजीजवळ जाऊ देत नाहीत ती घरे अजूनही आहेत, आणि ती आजी मग जेवण सोडते.

केरळने यातला काही भाग गावावर सोपवला. शेवटच्या आणि लांबलेल्या आजारांसाठी २००८ मध्ये तिथल्या सरकारने धोरण केले. पंचायतीच्या खर्चाने नर्स घरोघर जाते आणि आधीपासून काम करणारे गावचे स्वयंसेवक तिच्याबरोबर असतात. महाराष्ट्राने २०१२ मध्ये असे धोरण कागदावर आणले. त्यातले गावात किती पोचले, ते आपापल्या सरपंचाला विचारा. दुखण्याचेही तसेच. कॅन्सरच्या शेवटच्या वेदनेवर मॉर्फिनसारखे स्वस्त औषध आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने ते दुकानांतून आणि दवाखान्यांतून जवळजवळ नाहीसे झाले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याची भानगड सोपी झाली, तरी तालुक्याच्या ठिकाणी ते मागून पाहा. रात्रभर ओरडणाऱ्या बापाच्या उशाशी बसलेल्या पोराला कोणता कायदा सांगायचा?

आपल्याकडे पंचायतीच्या आधीपासून सावड आहे. आज तुझी पेरणी, उद्या माझी. तीच पद्धत सोबतीला लावायला कोणाची परवानगी लागत नाही. सात आठवडे एकाच पोराने खाडे करण्यापेक्षा सात घरांनी एकेक आठवडा वाटून घेतला तर कोणाचीही मजुरी मोडत नाही. बचत गटाने डब्याचे बघावे. कागदांची फाईल हुशार पोराकडे द्यावी. आधार आणि रेशनकार्डावरच्या नावात एक काना-मात्रा चुकली तरी आरोग्यमित्राच्या टेबलावर दिवस जातो. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला गाव सोडतात आणि मागे म्हातारे नि पोरे उरतात. तेव्हा ट्रॅक्टर भरण्यापूर्वीच गावात कोण उपचारात आहे, त्याच्याबरोबर कोणत्या आठवड्याला कोण जाणार आणि रात्री गाडी कोणाची, अशी तीन रकान्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावी, आणि खाली फोन नंबर.